तेच तीन आकडे

"हे जरा बघा, मिस गुळवणी," असं म्हणून फोख्टनं तो कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला काय दिसतंय?"

कागद आमच्याच कारखान्याचा होता. मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत नोकरीला होते आणि आम्ही जर्मनीतल्या या कंपनीला पंपांचे ओतीव भाग पुरवायचो. दिवसातून तीन वेळा भट्टीत लोखंड वितळायचं, प्रत्येक वेळच्या लोखंडाचा एक तुकडा लॅबमध्ये जायचा, आणि तो किती कडक आहे याचा एक आकडा निघायचा. ऑक्टोबर महिन्याचे ते आकडे होते. एक तारीख : १८७, १९२, १८४. दोन तारीख : १८७, १९२, १८४. तीन तारीख : १८७, १९२, १८४. खाली महिना संपेपर्यंत तेच.

लोखंड असं कधीच वागत नाही. हवेत दमटपणा आला, भंगार जरा वेगळं आलं, भट्टीवाल्याचं घरी भांडण झालं, तरी आकडा इकडचा तिकडे होतो. सव्वीस दिवस तेच तीन आकडे येणं म्हणजे सव्वीस दिवस घरातल्या प्रत्येकाला एकाच मिनिटाला शिंक येण्यासारखं आहे.

"तपासणी झालेलीच नाही," फोख्ट म्हणाला. तो तिथल्या क्वालिटी खात्याचा प्रमुख. उंच, सभ्य, आवाज कधी न चढवणारा. "पहिल्या दिवसाचे आकडे कुणीतरी खाली चिकटवलेत. तुमचा माल अजून बोटीवर आहे. तो घ्यायचा की नाही हे मला आज ठरवायचंय. तुम्ही त्या लोकांना ओळखता. तुमचं काय मत?"

टेबलाभोवती सहा जण होते. सहाही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

मला त्या गावात येऊन पाच आठवडे झाले होते. पाच आठवड्यांत माझं मत कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

गाव लहानसं होतं, एक चर्च, एक बेकरी आणि कारखाना. मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या वरच्या खोलीत राहायचे. ते सकाळी हात हलवायचे, संध्याकाळी हात हलवायचे, आणि एवढ्यावर आमचा संवाद संपायचा. कारखान्यात सगळे भले होते, कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण सरळ तरी कोण बोलत होतं? दुपारी बारा वाजले की तिथं एक रीत आहे. जेवायला जाताना वाटेत जो भेटेल त्याला "मालत्साइट" म्हणायचं. 'जेवण होऊ द्या निवांत' अशा अर्थाचं. ओळख असो-नसो, जिन्यात, दारात, अगदी संडासाच्या बाहेरसुद्धा. मला वीस-पंचवीस जण म्हणायचे, मीही म्हणायचे. आणि मग ते आपापल्या टेबलावर बसायचे आणि मी खिडकीपाशी. कितीतरी दिवस असे गेले की माझ्याशी बोललेला तो एकच शब्द होता. घरी फोन लावला की आई विचारायची, "मजा आहे ना?" मी म्हणायचे, "तर काय!" आणि फोन ठेवून रडायचे. उगाच कशाला लपवा?

मला पाठवलं होतं एका एक्सेल शीटसाठी. पूर्वी लॅबचे अहवाल कागदावर जायचे. ते बंद करून सगळं शीटमध्ये आणायचं, ही कल्पना माझी. कोल्हापुरातून फक्त कच्चे आकडे यायचे, आणि मी लिहिलेली सूत्रं जर्मनीतल्या संगणकावर त्यातून अहवाल तयार करायची. आमचे मालक मगदूम साहेब खूश झाले आणि म्हणाले, "रेवती, तूच जा. तीन महिने बस आणि त्यांना नीट लावून दे." मी सत्तावीस वर्षांची होते. विमानतळावर मला सोडायला अर्धी गल्ली आली होती.

पहिल्याच दिवशी माझी जिरली. बाहेरचा लॅपटॉप कारखान्यात चालत नव्हता, म्हणून त्यांचा संगणक दिला. त्यावर सगळंच जर्मन. मी सवयीनं 'इफ' टाइप केलं, तर ओळखच दाखवेना. तिथं 'इफ'ला 'वेन' म्हणतात. 'सम'ला 'सुमे'. 'व्हीलूकअप'ला 'एसफेरवाइस'. स्वल्पविराम द्यायचा तिथं अर्धविराम. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम. कारखान्यात मी ज्या एका गोष्टीत हुशार म्हणून ओळखली जायचे, तिचीच भाषा मला बोलता येईना. माझ्या समोरच्या टेबलावर फ्राऊ लिंके, म्हणजे लिंकेबाई, बसायच्या. साठीच्या, विधवा, स्वेटरला नेहमी एक लाकडी बटण कमी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन. त्या उठून आल्या, माझी धडपड पाहिली, आणि एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं दोन रकाने आखले. डावीकडे माझा शब्द, उजवीकडे त्यांचा. रोज चार-पाच शब्द वाढायचे. तो पुठ्ठा मी अजून जपून ठेवलाय.

एक मात्र बरं होतं. मी कोल्हापुरात केलेली फाईल तिथं उघडली की तिच्यातली सूत्रं आपोआप जर्मन व्हायची. इफचं वेन, सगळं आपलं आपण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळीच वाजवली होती. म्हटलं, चला, आपल्यापेक्षा आपली शीट पटकन रुळली. त्यामुळे त्या फाईलकडे मी पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. आकडे आले की फ्राऊ लिंके त्यात चिकटवायच्या आणि अहवाल छापून फोख्टला द्यायच्या.

आता तो अहवाल माझ्यासमोर होता, आणि सहा जण वाट पाहत होते.

आमच्या लॅबमध्ये माणूस एकच. बळवंत इंगवले. आम्ही मामा म्हणायचो. शिरोळकडचे, बत्तीस वर्षं तेच काम. लोखंडाच्या तुकड्यावर पोलादी गोळी दाबायची, पडलेला खळगा भिंगातून मोजायचा. डावा डोळा मिटून ते भिंगाला उजवा डोळा लावायचे आणि आकडा खड्या आवाजात म्हणायचे. माझी शीट आली तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. "बाई, ह्ये टायपिंग माझ्याच्यानं हुनार न्हाई. वहीत लिवतो, तुमी घ्या की काय घ्यायचं ते." मी त्यांना पंधरा दिवस शिकवलं. एका बोटानं टाइप करायचे, कुरकुरत. मी चिडून एकदा म्हणालेही होते, "मामा, वही गेली आता. संपलं ते." त्यावर त्यांनी वही मिटून खणात ठेवली होती. पण मी निघाले त्या दिवशी भडंगाचं मोठं पाकीट घेऊन आले. "तिकडं काय मिळतंय न मिळतंय. घरात केल्यालं हाय. जपून खावा, लई तिखट हाय."

ते भडंग मी रोज एक मूठ खायचे. खोलीत, पलंगावर बसून. निम्मं उरलं होतं.

"लॅबमध्ये एक जुने गृहस्थ आहेत," मी फोख्टला म्हणाले. "त्यांना संगणक आवडत नाही. टाइप करायचा कंटाळा. मला खात्री आहे, त्यांनी पहिल्या दिवसाचे आकडे खाली ओढले."

'वाटतं' म्हणाले असते तरी चाललं असतं. 'फाईल बघून सांगते' म्हणाले असते तर फारच बरं झालं असतं. फाईल बाहेरच्या खोलीत, वीस पावलांवर होती. पण मी बोलत होते आणि सहा माणसं मान डोलावत ऐकत होती, आणि मला तिथून उठायचंच नव्हतं.

फोख्टनं तिथूनच मगदूम साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. आमच्याकडे दुपारचे अडीच वाजले असतील. फोख्ट इंग्रजीत सगळं सांगत गेला. मग साहेब एकदम मराठीत म्हणाले, "रेवती, आहेस का गं तिथं?"

"हो सर."

"हे खरं आहे? इंगवल्यानं असं केलं?"

नऊ दिवसांनी माझ्या कानावर मराठी पडली होती. खोलीतल्या कुणालाच ती कळत नव्हती. मला काहीही बोलता आलं असतं.

"हो सर," मी म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही."

"बरं," साहेब म्हणाले. "बघतो मी."

फोन संपल्यावर फोख्टनं स्वतः उठून माझ्या कपात कॉफी ओतली. "प्रामाणिकपणाबद्दल आभार," म्हणाला. "आपल्याच माणसाबद्दल असं सांगणं सोपं नसतं." आणि बारा वाजता तो माझ्या टेबलाशी येऊन थांबला. मालत्साइट म्हणून पुढे गेला नाही. म्हणाला, "आमच्याबरोबर या ना."

त्या दिवशी मी चौघांबरोबर जेवले. बटाट्याचं काहीतरी होतं. एकानं विचारलं, तुमच्याकडे आता थंडी असते का? दुसऱ्यानं त्याच्या मुलीचा फोटो दाखवला. मी खूप बोलले, खूप हसले. शुक्रवार होता, कारखाना एकला सुटला. मी बेकरीतून केकचा तुकडा घेतला आणि पायी खोलीवर गेले. खरं सांगते, मी आनंदात होते.

शनिवारी आनंद ओसरला. रविवारी तर दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. कपाट उघडलं की ते भडंगाचं पाकीट समोर यायचं. मी मूठ घेतली आणि परत ठेवली. माझं मलाच कळेना, म्हाताऱ्यानं लबाडी केली, त्यात माझं काय चुकलं? मी काय खोटं बोलले? शेवटी पाकीट सुटकेसमध्ये टाकलं आणि सुटकेस पलंगाखाली ढकलली. दोन दिवस मी तोंडातून एक शब्द काढला नाही. काढणार कुणासमोर?

सोमवारी फोख्टनं काम दिलं. लबाडीचा पुरावा म्हणून कच्चे आकडे आणि अहवालातले आकडे शेजारी शेजारी लावून द्यायचे. तेव्हा मी फाईल उघडली. आरोप केल्यानंतर पहिल्यांदा.

कच्च्या आकड्यांच्या पानावर मामांचा सगळा महिना होता. एक तारखेला १८७, १९२, १८४. दोन तारखेला १९०, १८३, १८८. तीन तारखेला १७९, १९१, १९१. चौदा तारखेपुढे त्यांनी एका बोटानं मराठीत टाइप केलं होतं, 'लाईट गेली, दोनच झाले'. सव्वीस दिवस, एकही दिवस दुसऱ्यासारखा नाही. सगळं जिथल्या तिथं.

मग हे तीन आकडे आले कुठून?

कुठून येणार? माझ्याकडूनच. शीट देखणी दिसावी म्हणून मी एक रकाना लपवून ठेवला होता. त्यात तारखेचा दिवस आणि भट्टीचा क्रमांक जोडून एक खूण तयार व्हायची, तीन तारखेची पहिली भट्टी म्हणजे '०३-१'. त्या खुणेवरून शीट आकडा शोधून आणायची. मी तो रकाना उघडला. वरपासून खालपर्यंत 'डीडी-१, डीडी-२, डीडी-३'. दिवसाचा आकडा कुठंच नव्हता. सगळ्या तारखांची खूण एकच, म्हणून शीट बिचारी दरवेळी पहिला सापडेल तो, म्हणजे एक तारखेचा आकडा आणून ठेवत होती.

फ्राऊ लिंके माझ्या खांद्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि "आख्," म्हणाल्या. मग पुठ्ठा ओढला. डावीकडे लिहिलं 'डीडी', उजवीकडे 'टीटी'. आपण दिवस दाखवायला सूत्रात डीडी लिहितो, ते टीटी लिहितात. सूत्राचं नाव आपोआप जर्मन झालं होतं, पण अवतरणचिन्हांच्या आत मी जे लिहिलं होतं त्याला कुणी हात लावला नव्हता. ते कोल्हापुरातून निघालं तसंच तिथं येऊन बसलं होतं, आणि त्याचा अर्थ तिथं कुणालाच लागत नव्हता. फ्राऊ लिंकेंनी दोन अक्षरं बदलली. अहवाल क्षणात बदलला. १९०, १८३, १८८. १७९, १९१, १९१.

त्या हसल्या आणि माझ्याकडे पाहून एकदम थांबल्या. मी रडत होते. त्यांना वाटलं असावं, चूक सापडली म्हणून. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. पाच आठवड्यांत मला कुणी हात लावला नव्हता. आणि मी त्यांना सांगणार काय, आणि कोणत्या भाषेत?

फोख्टला सांगितलं तर तो म्हणाला, "अच्छा! मग प्रश्न मिटला. असं होतं कधी कधी." इतकंच. कागद फाडला, बोटीवरचा माल घ्यायचं ठरलं. दुपारी त्यानं जेवायला बोलावलं, मी डोकं दुखतंय म्हणाले.

साहेबांना मी पोस्टाजवळच्या फोनवरून फोन केला.

"सर, इंगवले मामांची चूक नाही. चूक शीटची आहे. सूत्राची. माझी."

"अगं, पण परवा तूच—"

"हो. मीच."

मग म्हणाले, "शुक्रवारी पहिली पाळी सुटायच्या वेळी मी त्याच्याकडनं किल्ल्या काढून घेतल्या, रेवती. सगळ्यांसमोर. गेटवर." मग आवाज बदलला. "असू दे. मी स्वतः जातो त्याच्या घरी. आणि ऐक, तू बोललीस हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. उद्या दोघांना एका लॅबमध्ये बसायचंय. काम करायचंय आपल्याला."

मी "बरं सर" म्हणाले. सुटका झाल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

जानेवारीत परत आले. पहिल्या दिवशी लॅबमध्ये शिरले तर मामा भिंगाला डोळा लावून बसलेले. मला पाहताच उठले. थकल्यासारखे वाटले. टेबलावर संगणकाशेजारी जाड वही उघडी होती.

"दोन्ही करतोय आता," वहीवर हात ठेवून म्हणाले. "तुमच्यात बी टाइप करतो आनि हितं बी लिवतो. उद्या कोन चोर म्हनलं तर दाखवाय पायजे."

"मामा, बसा ना."

"गेटवरनं भायेर पडलो तवा साडेतीनची यष्टी हुती. त्या वेळंला मी कधी घरी ग्येलो न्हाई बत्तीस वर्षांत. मंडळी म्हनाली, बरं न्हाई का? व्हय म्हनलं. शनिवार-आइतवार कुनाशी बोललो न्हाई. पोरगीनं इचारलं, तर तिच्यावर वराडलो. सोमवारी सायेब आलं आनि म्हनलं, गुळवणीबाईनं तिकडं चूक धरली, तू सुटलास." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बाई, एक इचारू? त्यातल्या कुनी माझं नाव घेटलं? न बघता, न पुसता?"

लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. आता सांगायचं, असं मी विमानात ठरवून आले होते. वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"तिथं पुष्कळ जण होते," मी म्हणाले.

"आनि तुमी एकट्याच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अगंतुगं केलं. "एवड्या गोऱ्या लोकांत एकटी पोरगी तू, तरी माझ्यासाटनं भांडलीस. माझी लेक बी येवडं करायची न्हाई गं."

मी वहीची पानं उलटत राहिले. टेबलाच्या खणातून त्यांनी भडंगाचं नवं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. जुनं अजून माझ्या सुटकेसमध्ये होतं.

त्यानंतर ते सात वर्षं नोकरीत होते. कोणीही नवा माणूस लॅबमध्ये आला की ही गोष्ट सांगायचे, मी समोर असले तरी. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले आणि तेवढंच बोलून बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मगदूम साहेबांनी तेवढं माझ्याकडे पाहिलं नाही. मी दुसरीकडे नोकरी धरली, पुण्याला आले, तरी दर दिवाळीला पाकीट यायचं.

या दिवाळीला त्यांची मुलगी सुरेखा घेऊन आली. माझ्याच वयाची. मामा उन्हाळ्यात गेले, हे मला तिच्याकडूनच कळलं.

"जाताना सांगून गेलेत," ती म्हणाली, "मी नसलो तरी बाईंचं पाकीट चुकवू नका." चहा घेता घेता ती म्हणाली, "ताई, बाबा कायम सांगायचे तुमचं. पण आम्हाला कधी नीट कळलंच नाही. नक्की काय झालं होतं हो तिकडं?"

पंधरा वर्षांत मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. दार लोटलेलं होतं, घरात तिसरं माणूस नव्हतं. ती पुढे सरकून बसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. तो कागद, ते सहा जण, ते तीन आकडे. आणि मी कशी उठून म्हणाले, की इंगवले मामा असं करूच शकत नाहीत, आधी फाईल उघडा. अगदी मामा सांगायचे तसं.

तिचे डोळे भरून आले. वाकून पाया पडली, नको नको म्हणत असताना. पाच वाजताची गाडी होती तिची, मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले.

पाकीट ओट्यावर आहे. अजून फोडलेलं नाही.